परदेशातली वकिलात आणि गावचं वावर : अकरा महिन्यांचा अनुभव

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. आखातातल्या एका देशात सहा वर्षांपासून नर्स आहे. पहिली पाच वर्षं भारतीय वकिलातीची पायरी चढायची वेळच आली नव्हती. गेल्या अकरा महिन्यांत मात्र चार कामं पडली: शेतीचं मुखत्यारपत्र, माझ्या पासपोर्टचं नूतनीकरण, लेकीची जन्मनोंद आणि तिचा पासपोर्ट. सध्या सुटीवर गावी आले आहे, फाईल समोर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात जास्त दमवलं ते मुखत्यारपत्राने. बाबा गेल्यावर वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर आई, भाऊ, मी आणि धाकटी बहीण अशी चार नावं चढली. एप्रिलमध्ये भाऊ पीककर्जाला गेला, तर बँकेने सगळ्या खातेदारांच्या सह्या मागितल्या. रात्री त्याचा फोन आला, "ताई, तुयी सही नसन तं कर्ज नाही भेटत म्हणते. येतं काय दोन दिवसासाठी?" पेरणी तोंडावर, माझी लेक तीन महिन्यांची. जाणं शक्यच नव्हतं. म्हणून माझ्या वतीने सही करायचा अधिकार भावाला देणारं मुखत्यारपत्र वकिलातीतून करून पाठवायचं ठरलं.

वकिलात राजधानीत, आमच्या शहरापासून चार तासांवर. पहिल्या खेपेला मी घरूनच सही करून गेले होते. कागद परत मिळाला, कारण सही अधिकाऱ्यासमोरच करायची असते. दोन साक्षीदारही पासपोर्ट घेऊन सोबत हवेत, त्यांच्या सह्याही तिथेच होतात. दुसऱ्या खेपेला मसुदा फक्त मराठीत होता. तिथल्या अधिकाऱ्याला मराठी वाचता येत नव्हतं, आणि जे वाचता येत नाही त्यावर शिक्का मारायला तो तयार नव्हता. तेव्हा फार राग आला, बिनपगारी सुटी वाया गेली होती. आज वाटतं, त्याचं बरोबर होतं. तिसऱ्या वेळी डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी असा मसुदा केला. नशिबाने त्या शुक्रवारी आमच्याच शहरात वकिलातीचं शिबिर होतं. अर्ध्या तासात काम झालं.

खरी अडचण नावाची होती. सातबाऱ्यावर माझं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. वकिलात पासपोर्ट पाहते, आपल्याकडे पटवारी आणि दुय्यम निबंधक सातबारा पाहतात. दोन्ही नावं मसुद्यात लिहून विवाह नोंदणीचा दाखला जोडला नसता, तर तो कागद गावात कोणी हातातही धरला नसता. हे मला वकिलातीत कोणी सांगितलं नाही. सांगितलं ते तालुक्याच्या ठिकाणी दस्त लिहिणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, फोनवर, एक पैसा न घेता. त्यांनीच गट नंबर, हेक्टर-आर आणि चतु:सीमा घालायला लावल्या. म्हणून माझं मत असं झालं आहे की शेतीच्या कागदाची सुरुवात गावातून करायची. सही करणारी बाई तीच आहे, एवढीच खात्री वकिलात देते. आत काय लिहिलंय आणि ते इथे चालेल का, हे तिचं काम नाही.

मी त्यात "विक्रीचा, दानाचा किंवा हक्कसोडीचा अधिकार नाही" असं स्पष्ट लिहून घेतलं. अधिकार दिला तो पीककर्ज, फेरफार आणि वाटणीच्या अर्जापुरता. भावाला आधी जरा लागलं. मी त्याला म्हटलं, तुझ्यावर अविश्वास नाही, पण उद्या हा कागद कोणाच्या हाती जाईल ते ना तुला माहीत ना मला. त्याला पटलं. परदेशात असलेल्या प्रत्येक बहिणीने हे करावं असं मला मनापासून वाटतं.

आता एक गोष्ट, जी चुकली तर सगळं पाण्यात. परदेशात सही झालेला असा दस्त महाराष्ट्रात आल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आमचं पाकीट आईच्या पेटीत दोन महिन्यांहून जास्त पडून होतं, कारण कर्जाच्या कामापुरती बँकेने प्रत घेतली होती आणि सगळ्यांना वाटलं, झालं काम. मुदतीला आठ दिवस राहिले असताना भाऊ जिल्ह्याच्या मुद्रांक कार्यालयात गेला. पाकिटावर पोस्टाची तारीख होती म्हणून वाचलो. पाकीट फेकू नका.

पासपोर्टचं नूतनीकरण त्यामानाने सुरळीत झालं. अर्ज ऑनलाइन, बोटांचे ठसे केंद्रावर, पाच आठवड्यांत नवी पुस्तिका. फक्त पोलीस पडताळणी गावच्या पत्त्यावर गेली आणि मी घरी आधी सांगायला विसरले. दारात पोलीस पाहून माय रडायलाच लागली. तिला वाटलं, पोरीचं तिकडे काही झालं. त्या शिपायाने बिचाऱ्याने पाणी पिऊन, समजावून मग पंचनामा केला. अर्ज केल्या दिवशीच घरी कळवा.

लेकीचं काम वेगळ्याच कारणाने अडलं. अरबी लिपीत 'प' नाही. तिच्या नावात 'प' आहे, दवाखान्याच्या दाखल्यावर त्याचा 'ब' झाला आणि तिथून इंग्रजीतही 'ब'च उतरला. दुरुस्तीला सात आठवडे गेले. बाहेर जन्मलेल्या मुलाची नोंद वकिलातीत एका वर्षाच्या आत व्हावी असं 1955 च्या नागरिकत्व कायद्यात आहे, त्यामुळे ते दिवस जिवाला घोर लावून गेले. जन्मदाखला हातात पडताच खिडकीपाशीच उभं राहून एकेक अक्षर तपासा.

एक अनुभव माझ्या कामाचा नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवऱ्याच्या कंपनीतले अकोल्याकडचे एक काका उन्हाळ्यात वारले. मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द करणं, पार्थिव नेण्याचं पत्र, हे सगळं वकिलातीने दोन दिवसांत केलं. कंपनी हात वर करत होती तेव्हा विमानाचा खर्चही भारतीय समुदाय कल्याण निधीतून झाला. हा निधी 2009 पासून आहे, आणि प्रत्येक कामाच्या फीसोबत आपण जी थोडी रक्कम भरतो ती त्यातच जाते. त्या पावतीकडे मी तोवर कधी लक्ष दिलं नव्हतं. तिथल्या खिडकीवर मला जेवढं ताटकळावं लागलं, त्याबद्दलचा राग त्या दोन दिवसांत बराच ओसरला.

कर्ज जूनमध्ये मिळालं, पराटी आणि तूर पेरली गेली. भावाने आता वाटणीचा अर्ज तहसीलला दिला आहे. माझ्या बाजूने सही त्याचीच, त्या मुखत्यारपत्रावरून. मी परत जाण्याआधी मोजणीची तारीख लागली तर धुऱ्यावर मी स्वतः उभी राहणार आहे.