डोळ्यांच्या ताणावर घेतलेल्या वस्तू : काय टिकलं, काय कपाटात गेलं

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतल्या लोकांची सुटका. मॉनिटरच्या अंतरासाठी वेगळा करून घेतलेला चष्मा : सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. शेकाचा मास्क : कंटाळा न करता वापरला तर काम करतो. प्रिझर्व्हेटिव्ह (टिकवण्यासाठी घातलेलं रसायन) नसलेले थेंब : चांगले, पण खिशाला जड. ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणारी काच : ताणासाठी शून्य. ओमेगा-३ च्या गोळ्या : बंद केल्या. ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र : ऑफिसातून हाकलून दिला, त्याचं कारण पुढे येईलच.

मी पुण्यात सदाशिव पेठेत डीटीपी (संगणकावर पानांची मांडणी) आणि मुद्रितशोधन करते. वय चव्वेचाळीस. दिवाळी अंकांच्या हंगामात सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत नजर स्क्रीनवर, मध्ये छापील प्रूफ, पुन्हा स्क्रीन. गेल्या हंगामात असं व्हायला लागलं की दुपारी चारनंतर कपाळ जड, डोळ्यांत कचकच, आणि मधूनच घळाघळा पाणी. 'सर्वांत'सारख्या शब्दात रफार आणि टिंब शेजारी शेजारी बसतात; संध्याकाळी ते दोन आहेत की एक हे सांगता येईना. आमच्या धंद्यात हे परवडत नाही. लेखकाला काना-मात्रा चुकलेली दिसते ती अंक हातात पडल्यावरच, आणि मग फोन येतो.

तोवर जो तो आपापला उपाय सांगत होता. सासूबाईंचं गुलाबपाणी, आईचं एरंडेल, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याचे 'लाली घालवणारे' थेंब. शेवटच्या प्रकाराबद्दल डॉक्टरांनी नंतर स्पष्टच सांगितलं : लाली घालवणारे काही थेंब रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसवतात, असर उतरला की डोळे पुन्हा लाल होतात, काही वेळा आधीपेक्षा जास्त. आणि काउंटरवर कधीकधी चक्क स्टेरॉइडचे थेंब हातात ठेवले जातात. ते महिनोन् महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. गुलाबपाणी आणि एरंडेल स्वयंपाकघरात किंवा केसांना ठीक. बाजारातली बाटली निर्जंतुक नसते, ती डोळ्यात घालायची नाही.

टिळक रोडजवळच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांआधी गोळ्यांची चौकशी केली.

"सर्दीची गोळी रोज घेता?"

"रोज असं नाही हो. धूळ उडाली की घ्यावी लागते. आमच्या सोसायटीसमोर टॉवर चाललाय."

"म्हणजे रोजच."

सेटिरिझीनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या नाकासोबत डोळेही कोरडे करतात. पुण्यात निम्मं गाव या गोळीवर जगतं आणि निम्म्या गावाचे डोळे चुरचुरतात, पण दोन गोष्टींचा संबंध कोणी लावत नाही. माझी गोळी त्यांनी फॅमिली डॉक्टरांशी बोलून नाकाच्या स्प्रेवर आणली. काही मानसिक आजारांवरची औषधं, मुरमांवरच्या काही गोळ्या, थायरॉइड, मधुमेह, पाळी जाण्याचा काळ, या सगळ्यांनी डोळे कोरडे पडू शकतात. म्हणून तपासणीला जाताना चालू औषधांची यादी बरोबर न्यावी.

मग दोन तपासण्या. पहिलीत फिल्टर पेपरची बारीक पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटं अडकवून ठेवतात आणि ती किती मिलिमीटर भिजली ते बघतात. दहाच्या वर म्हणजे ठीक, पाचच्या खाली म्हणजे डोळ्यात पाणीच कमी. माझी व्यवस्थित भिजली. दुसरीत पिवळा रंग लावून निळ्या उजेडात बघतात आणि सांगतात, "आता पापणी मिटू नका." अश्रूंचा पातळ थर बुबुळावर अखंड राहतो की फाटतो, आणि फाटला तर किती सेकंदांत, हे मोजायचं असतं. दहा सेकंद किंवा जास्त टिकला तर चांगलं. माझा पाचच्या आसपासच फाटत होता.

म्हणजे पाणी आहे, पण टिकत नाही. का, ते पापणी दाबल्यावर कळलं. पापणीच्या कडेला, पापण्यांच्या केसांच्या मुळांमागे, तेलाच्या बारीक ग्रंथींची रांग असते. वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. त्यांचं तेल आमटीवरच्या तवंगासारखं अश्रूंवर पसरतं आणि खालचं पाणी उडू देत नाही. माझ्या ग्रंथींतून पातळ तेलाऐवजी घट्ट, पांढरट काहीतरी येत होतं. तवंग नाही, म्हणून पाणी उडतं. पृष्ठभाग कोरडा पडला की डोळा घाबरून एकदम पाणी सोडतो. 'डोळे कोरडे' आणि 'डोळ्यांतून सारखं पाणी' हे एकाच तक्रारीचे दोन चेहरे असतात हे मला तिथे पटलं.

स्क्रीन यात नक्की काय करते? एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे टक लावून बसलो की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं, आणि मिटतो तीही अर्धवट. पापणी पूर्ण मिटताना ग्रंथी दाबल्या जातात आणि तेल बाहेर येतं. अर्धवट मिटली तर तेल आतच साचतं, घट्ट होतं.

हे झालं कोरडेपणाचं. पण कपाळ जड होणं, मान धरणं हे वेगळं दुखणं होतं, आणि त्याचं मूळ चष्म्यात निघालं. म्हणून सांगते, 'डोळ्यांवर ताण' हे निदान नव्हे. त्याच्या पोटात दोन-तीन वेगवेगळी कारणं एकत्र बसलेली असू शकतात, आणि एकावर घेतलेली वस्तू दुसऱ्याला काही करत नाही. बहुतेक रिव्ह्यू वाचताना मला हेच खटकतं : पाच तारे देणारा आणि एक तारा देणारा, दोघंही खरं बोलत असतात, फक्त त्यांचे डोळे वेगळ्या कारणाने थकलेले असतात.

तर चष्मा. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, जवळचं दिसायला नंबर लागतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण हा जवळचा नंबर साधारण चाळीस सेंटिमीटरवर पुस्तक धरलंय असं समजून काढतात. मॉनिटर असतो हातभर लांब. चाळीस सेंटिमीटरवर बघायला अडीच डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर ज्या मापात मोजतात ते) जोर लागतो, साठ-पासष्टवर दीडच्या आसपास. माझ्याकडे प्रोग्रेसिव्ह चष्मा होता : वर लांबचं, खाली जवळचं, आणि मधल्या अंतराची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीतून स्क्रीन बघायला हनुवटी वर उचलावी लागते. दिवसभर हनुवटी वर आणि मान मागे. ज्या दुकानातून तो घेतला तिथे मी काय काम करते हे कोणी विचारलंच नाही. फ्रेम मात्र चाळीस दाखवल्या.

लक्ष्मी रोडवरच्या एका जुन्या दुकानातले काका वेगळे निघाले. म्हणाले, "ताई, आधी अंतर मोजून आणा. नेहमी बसता तसंच बसायचं, ताठ बसून मोजाल तर उपयोग नाही." मी पार्सलची सुतळी घेतली, एक टोक नाकाच्या दांडीला धरलं, दुसरं ऑफिसातल्या मुलाने स्क्रीनला लावलं, गाठ मारली आणि ती सुतळीच पर्समध्ये टाकून घेऊन गेले. भरली ६२ सेंटिमीटर. त्यावरून वरचा भाग स्क्रीनसाठी आणि खालचा प्रुफासाठी अशी काच बनली, 'ऑफिस लेन्स' म्हणतात तिला. पहिल्या आठवड्यात पायऱ्या उतरताना गरगरलं. नंतर मात्र कपाळाचं दुखणं जवळजवळ गेलं आणि मानेचं अर्ध्यावर आलं. दोष एकच : लांबचं धूसर दिसतं, म्हणून गाडी चालवताना ही चालत नाही. ती ऑफिसातच राहते. दोन चष्मे सांभाळायचे म्हणजे एक नेहमी दुसरीकडेच असतो, हे गृहीत धरा.

मॉनिटरही थोडा खाली घेतला. वरची कड नजरेच्या रेषेच्या किंचित खाली हवी. खाली बघताना पापणी अर्धी झुकलेली असते, डोळा कमी उघडा राहतो, पाणी कमी उडतं. याला पैसे लागले नाहीत, मॉनिटरखाली ठेवलेले जुने अंक काढून टाकले एवढंच.

शेकाचा मास्क. आत मणी असलेला, मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचा. ग्रंथीतलं घट्ट तेल वितळायला पापणी चाळीस अंशांच्या आसपास काही मिनिटं टिकून गरम राहावी लागते. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन मिनिटांत गार होतो, म्हणून 'मी शेकते तरी फरक नाही' म्हणणाऱ्या बायका भेटतात. सासूबाईंनी ज्वारीची पुरचुंडी तव्यावर गरम करून दिली होती. उष्णता छान धरते, पण एका बाजूला चटका आणि दुसरीकडे कोमट. पापणीची कातडी फार पातळ असते, मी ती गुडघ्याला वापरते. मास्क दहा मिनिटं, मग स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर हलकेच दाबायची, शेवटी पापणीची कड पुसायची. लगेच वाचायला घेऊ नका, काही मिनिटं धूसर दिसतं. गणपतीपर्यंत मला काही जाणवलं नव्हतं, नवरात्रात जाणवायला लागलं. मध्ये सोडला की महिन्याभरात चुरचुर परत. जन्माची शिक्षा आहे म्हणा ना.

डोळे ओले ठेवणारे थेंब : कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज, ०.५ टक्के. दिवसातून दोन-तीनदा घालायचे असतील तर साधी बाटली चालते. चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत, कारण बाटलीतलं प्रिझर्व्हेटिव्ह, बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराइड, वारंवार पडलं की तेच डोळ्याचा पृष्ठभाग खराब करतं. एकदाच वापरायच्या छोट्या कुप्या मिळतात, सोयीच्या आहेत, फक्त प्लास्टिकचा ढीग होतो आणि बिल वाढतं. दिवाळी अंकाच्या दिवसांत कुप्या, एरवी बाटली, असं मी ठरवून टाकलंय.

ब्लू कटबद्दल थोडं तिखट लिहिणार आहे. कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. थोड्या काळाच्या वापरात साध्या काचेपेक्षा स्क्रीनचा ताण कमी होतो असं काही दिसलं नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटनाही हे चष्मे सुचवत नाही. स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश उन्हातल्या प्रकाशापुढे किरकोळ असतो. आणि आमच्यासारख्यांना वर तोटाच : काचेला पिवळट छटा, त्यामुळे मुखपृष्ठाचा क्रीम रंग स्क्रीनवर वेगळा आणि छापून आल्यावर वेगळा. दुकानदार नीलप्रकाशाचा बागुलबुवा दाखवतो तेव्हा शांतपणे साधी अँटी-रिफ्लेक्शन, म्हणजे चकाकी कमी करणारी काच मागा.

ओमेगा-३ जावेने दिल्या होत्या. २०१८ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला : रोज तीन ग्रॅम, वर्षभर, आणि तुलनेला ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या. दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं. डबा संपल्यावर नवा आणला नाही.

ह्युमिडिफायर एप्रिलमध्ये घेतला. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात घरी रात्री बरा वाटतो. ऑफिसात लावला तर दुसऱ्या दिवशी प्रिंटरच्या कागदाने ओल धरली, कडा वळल्या, प्रिंटर अडकायला लागला. मालकांनी एका शब्दात निकाल दिला. त्यापेक्षा डोक्यावरच्या पंख्याखालून टेबल सरकवलं आणि एसीची झोत खिडकीकडे वळवली, त्याचा गुण जास्त आला. कोथरूडहून म्हात्रे पुलावरून येताना हेल्मेटची काच खाली ठेवते, तेवढीच धूळ कमी.

२०-२०-२० चा नियम, म्हणजे वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद बघा, हा जेफ्री अँशेल या अमेरिकी दृष्टितज्ज्ञाच्या नावावर आहे. आमच्या खिडकीतून समोरच्या वाड्याची भिंत आठ फुटांवर आहे. त्याने फार बिघडत नाही, आठ फुटांवरही भिंगाला जवळपास विश्रांती मिळते. मोबाइलचा गजर ऐन ओळीत वाजायचा, म्हणून तो काढला. आता पान संपलं की डोळे घट्ट मिटते, दोन श्वास थांबते, मग पुढचं पान.

आमच्या ऑफिसातल्या मुलाची गोष्ट वेगळी. विशीतला, नंबर नाही, तरी वाचताना अक्षरं एकमेकांवर चढायची. त्याचे दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर नीट एकत्र येत नाहीत असं निघालं. त्याला घरी पेन नाकाजवळ आणण्याचा व्यायाम दिला, आणि दवाखान्यातले सरावही. मुलांवरच्या २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात दवाखान्यातल्या सरावाचा गुण नुसत्या घरच्या पेनपेक्षा बराच जास्त दिसला होता. त्याला माझा मास्क देऊन काही झालं नसतं.

एकाएकी दिसणं कमी होणं, डोळ्यापुढे विजा चमकणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, लाल डोळ्यासोबत ठणका, दिव्याभोवती वलयं, अचानक दोन-दोन दिसणं, यातलं काहीही असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

मास्कची शिवण आता एका बाजूला उसवायला लागली आहे आणि कापडाला वास येतो. पुढचा घेताना कव्हर काढून धुता येतं का ते आधी बघणार. कोणाला असा ठाऊक असेल तर सांगा, ऑनलाइन फोटोत सगळेच धुता येणारे दिसतात.