फक्त ऐकण्यासाठी काय घ्यावे: जुना मोटोरोला, जुना केनवूड की एसडीआर डाँगल?

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हातात आला की जुन्या व्यावसायिक वॉकीटॉकीचा मोह पडतो, आणि तो निराधार नाही. कारखाने, हॉटेले व सुरक्षा एजन्सी यांनी वापरून काढलेले सेट दणकट असतात आणि त्यांचा आवाज भर रस्त्यातही स्पष्ट ऐकू येतो. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो आणि गच्चीवरून रिपीटर (आलेला संदेश पुन्हा प्रसारित करणारी केंद्रे) व आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ऐकतो. मोटोरोलाचा जीपी ३२८, केनवूडचे टीके-२१०७ व टीके-३१०७ आणि संगणकाला जोडायचा आरटीएल-एसडीआर डाँगल (सॉफ्टवेअरने चालणारा छोटा रेडिओ रिसीव्हर) ही साधने मी वापरली आहेत. निवड करताना किमतीपेक्षा पट्टा (सेट कोणत्या फ्रिक्वेन्सींवर चालतो), केबल आणि सॉफ्टवेअर या तीन गोष्टी आधी पाहाव्यात, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्याआधी परवान्याविषयी. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात रेडिओ उपकरण जवळ बाळगण्यासाठीही अधिकृत मंजुरी आवश्यक मानली आहे, त्यामुळे ‘मी बोलत नाही, फक्त ऐकतो’ एवढे सांगून भागत नाही. हॅम परवान्याच्या रेस्ट्रिक्टेड ग्रेडची (खालच्या श्रेणीची) परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते; ती आधी द्यावी, सेट नंतर शोधावा. पोलीस, अग्निशमन दल किंवा कोणाच्याही खासगी सेवेच्या चॅनेलवर कान लावणे मी छंदात धरत नाही. पुढचे विवेचन हॅमच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ (व्हीएचएफ) आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ (यूएचएफ) या दोन पट्ट्यांपुरतेच आहे.

व्यावसायिक सेट ठरावीक पट्ट्यासाठीच बांधलेला असतो आणि बाहेरून सगळे सेट सारखेच दिसतात. जीपी ३२८ ची बॅटरी काढल्यावर मागच्या लेबलवर मॉडेल क्रमांक दिसतो. त्यातले (अंकही धरून) सहावे अक्षर ‘के’ असेल तर सेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्झचा, ‘आर’ असेल तर ४०३ ते ४७० चा आणि ‘एस’ असेल तर ४५० ते ५२७ चा. माझा पहिला सेट ‘एस’ निघाला. विक्रेत्याने ‘यूएचएफ आहे, सगळे चालेल’ असे सांगितले होते आणि मी लेबल न वाचता पैसे मोजले. ४३४ ते ४३८ चा पट्टा त्या सेटच्या आवाक्याबाहेर असल्याने तो माझ्या कामाचा राहिला नाही. केनवूडमध्ये टीके-२१०७ व्हीएचएफ आणि टीके-३१०७ यूएचएफ आहे, पण त्यांच्याही वेगवेगळ्या पट्ट्यांच्या आवृत्त्या आहेत, म्हणून लेबल इथेही वाचलेच पाहिजे.

प्रोग्रामिंगमध्ये, म्हणजे संगणकावरून सेटमध्ये चॅनेल भरण्यात, केनवूड सोपा. त्याला दोन पिनांची जोडणी असते आणि तशीच जोडणी स्वस्त चिनी सेटांनाही असल्याने केबल सहज मिळते. जीपी ३२८ च्या बाजूला अनेक पिनांचा कनेक्टर असतो, त्याची केबल वेगळी घ्यावी लागते आणि सॉफ्टवेअरही मोटोरोलाचे स्वतःचे लागते. केबलमधल्या चिपकडे मात्र दोन्हींच्या बाबतीत लक्ष द्यावे. प्रोलिफिक कंपनीच्या चिपची नक्कल असलेली चिप नव्या विंडोजमध्ये ड्रायव्हर नाकारतो आणि आपण उगाच सेट बिघडला असे समजतो. एफटीडीआय कंपनीची अस्सल चिप असलेली केबल थोडी महाग पडली तरी घ्यावी. सेट वाचता येऊ लागला की आधीच्या मालकाचे सगळे चॅनेल पुसून टाकावेत आणि आपले चॅनेल केवळ ग्रहणापुरते ठेवावेत. तसे न केल्यास चुकून पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचे बटण) दाबले जाते आणि दुसऱ्याला नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर आपले प्रसारण होते.

सोळा चॅनेलचा गोल खटका कमी वाटतो, पण ऐकणाऱ्याला तो पुरतो. अवकाश स्थानकाचा रिपीटर ४३७.८०० मेगाहर्ट्झवर ऐकू येतो. स्थानक जवळ येताना डॉपलर परिणामामुळे ती फ्रिक्वेन्सी सुमारे १० किलोहर्ट्झ वर सरकलेली असते आणि दूर जाताना तितकीच खाली. म्हणून मी ‘आर’ पट्ट्याच्या सेटमध्ये ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५ आणि ४३७.७९० असे लागोपाठ पाच चॅनेल भरले आहेत. साधारण दहा मिनिटांच्या फेरीत खटका एकेक घर पुढे सरकवत गेलो की आवाज सुटत नाही, आणि हे काळोखातही न बघता बोटांना जमते. पश्चिमेला येऊरचे डोंगर असल्याने त्या बाजूची पहिली एक-दोन मिनिटे मात्र वाया जातात. स्थानकाच्या १४५.८०० वरील प्रसारणासाठी ‘के’ पट्ट्याचा सेट लागतो. तिथे सरक जेमतेम साडेतीन किलोहर्ट्झची असल्याने एकच चॅनेल पुरतो.

डाँगलला खटका नाही, पट्ट्याची अडचणही नाही: साधारण २४ ते १,७६६ मेगाहर्ट्झ एकाच उपकरणात, आणि त्यातला सुमारे दोन मेगाहर्ट्झचा भाग एका वेळी पडद्यावर डोळ्यांसमोर. त्यातून प्रसारण होण्याचा प्रश्नच येत नाही. पण त्याचे ग्रहण आठ बिटांचे, म्हणजे ढोबळ मोजमापाचे, असल्यामुळे जवळच्या एफएम केंद्राच्या किंवा मोबाइल टॉवरच्या जोरदार लहरींपुढे क्षीण संदेश दबून जातो. आमच्या गच्चीवर हे रोज जाणवते, आणि तिथेच जीपी ३२८ चा, हवी तीच फ्रिक्वेन्सी निवडणारा, रिसीव्हर शांतपणे ऐकत राहतो. शिवाय डाँगलसोबत लॅपटॉपही गच्चीवर न्यावा लागतो.

ज्याला अजून काय ऐकायचे हेच ठरवायचे आहे, त्याने डाँगल घ्यावा. फ्रिक्वेन्सी ठरल्या असतील आणि प्रोग्रामिंगचा अनुभव नसेल तर केनवूड; टॉवरांच्या गर्दीत राहत असाल आणि केबलसाठी थोडा खर्च करायची तयारी असेल तर जीपी ३२८, आणि माझी पसंती त्यालाच आहे. बाहेरचा अँटेना जोडण्यासाठी त्याला अ‍ॅडॅप्टर लागतो, तेवढे खर्चात धरावे. घेताना बिल मागावे, फुगलेली बॅटरी परत करावी आणि आवाजाचे बटण हळूहळू फिरवून त्यात खरखर येते का ते दुकानातच ऐकावे.