ट्रॅकबॉल घ्यायचाय? आधी अंगठा की बोटं ते ठरवा

ट्रॅकबॉल, म्हणजे जागेवर ठेवून वरचा बॉल फिरवला की कर्सर हलतो असा माउस, घेताना लोक डीपीआय (कर्सर किती झपकन सरकतो ते) किती, बटणं किती हेच बघत बसतात. माझ्या मते आधी बघायचं ते एकच, बॉल अंगठ्याने फिरवायचाय की बोटांनी. मी लॉजिटेकचा एर्गो एम५७५ वापरतेय, दिवसभर एक्सेल आणि टॅली, आणि मला जाम आवडलाय, तरी डोळे झाकून घ्या असं कोणालाच सांगणार नाही.

आमच्या परळच्या घरात कम्प्युटर टेबल म्हणजे भिंतीला ठोकलेली फोल्डिंगची फळी, लॅपटॉप ठेवला की उजवीकडे जेमतेम वीतभर जागा उरते आणि तिथे चहाचा कपही असतोच, मग साधा माउस सारखा उचलून मागे आणायचा. ट्रॅकबॉल जागचा हलतच नाही, फक्त बॉल फिरतो, त्यामुळे मनगट आणि खांद्याला आराम. पॅड नको, गादीवर ठेवला तरी चालतो.

एम५७५ चा बॉल ३४ मिमीचा, अंगठ्याखाली. एक डबल ए सेल, ब्लूटूथ किंवा यूएसबीत लावायचा रिसीव्हर, काहीही वापरा. आकार मात्र फक्त उजव्या हाताचा, डावखुऱ्यांनी पुढे वाचा. याच्या वरचा एमएक्स एर्गो, तो चार्जिंगचा, आणि खालच्या प्लेटमुळे २० अंश कलता करता येतो, पंजा पालथा सपाट ठेवून ज्यांना अवघडतं त्यांनी जास्तीचे पैसे घालायला हरकत नाही.

आता अंगठ्याचं. दिवसभर मोबाइलवर रील सरकवायला अंगठा, स्पेसबारला अंगठा, वर हा बॉलपण त्याच्याच गळ्यात. ज्यांचा अंगठा मुळाशी आधीच दुखतो त्यांनी बोटांनी फिरवायचाच बघा. केन्सिंग्टनच्या एक्स्पर्टचा बॉल ५५ मिमीचा, ऑर्बिटचा ४०, दोन्ही कुठल्याही हाताला चालतात, आणि स्क्रोलसाठी बॉलभोवती गोल रिंग आहे (ऑर्बिट घेताना रिंगवालाच घ्या). फक्त ड्रॅग करताना बटण दाबून धरून बॉल फिरवायचा म्हणजे बोटांची थोडी कसरत होते, अंगठावाल्यात ती भानगड नाही.

हातात धरून बघायचा म्हणून मी मुंबईतला कम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड पालथा घातला. एका दुकानात ऐकायला मिळालं, "मॅडम, गेमिंगचा घ्या ना, लाइट लागते!" बाई, मला दिवाळी नाही करायची. तुम्ही आधी फोन करून डिस्प्लेला पीस आहे का विचारा, मगच ग्रँट रोड स्टेशनला उतरा.

साफसफाई कुठलाही घेतलात तरी चुकत नाही, त्यात मुंबईचा घाम. माझ्या एम५७५ ला खालच्या भोकातून पेन्सिलच्या मागच्या बाजूने ढकललं की बॉल टपकन हातात येतो, आत तीन बारीक मणी दिसतात आणि त्यांच्याभोवती राखाडी मळाची वळी झालेली असते, कानातल्या काडीने काढून टाकायची. बॉल धुऊन कोरडा केला की थोडा वेळ अडकत फिरतो, हाताचं तेल लागलं की परत सुळसुळीत.

ऑनलाइन मागवलात तर रिटर्नची मुदत बघा आणि खोका फेकू नका. सुरुवातीला कर्सर कुठेही पळतो, सेटिंगमध्ये स्पीड कमी करा, तेवढ्यावरून लगेच परत पाठवू नका. अंगठा दुखायला लागला तर मात्र थांबू नका, मुदत आहे तोवर बदलून घ्या.