टबाखालचा ड्रेन: बीड, पीव्हीसी, सीपीव्हीसी की एचडीपीई?

बाथरूम फोडून नवीन करताना आपला सगळा जीव टाइल्स आणि शॉवरमध्ये अडकलेला असतो आणि टबाखाली काय टाकायचं हे प्लंबर दुकानात उभा राहून फोनवर विचारतो, "साहेब, कुठला घेऊ?" हे आधीच ठरवून ठेवा, कारण टब एकदा विटांमध्ये बसला की खाली हात जात नाही.

जुन्या बिल्डिंगमध्ये बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे (कास्ट आयर्न) पाइप असतात. बीड वाईट नाही हं, पाणी पडल्याचा आवाज सगळ्यात कमी त्यातच येतो आणि गरम पाण्याचं काही वाटत नाही, पण आतून गंजून खडबडीत होतं मग त्यात केस, साबण सगळं अडकत जातं, शिवाय वजन भरपूर आणि नीट जोड मारणारे मिस्त्री आता शोधावे लागतात. शाफ्टमधला उभा पाइप बीडाचाच असेल तर तो सोसायटीचा, त्याला राहू द्या, फक्त तुमचा नवा प्लास्टिकचा पाइप त्यात खुपसून भोवती सिमेंट थापू देऊ नका. आमच्याकडे तसंच केलं होतं, वर्षभरात तडा गेला आणि खालच्या काकूंच्या छतावर डाग. स्टीलच्या क्लॅम्पवाला रबरी कपलर मागा.

नवीन लाइनसाठी मी डोळे झाकून पीव्हीसीचा एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्याचा पाइप घेईन, पण टाइप बी. टाइप ए मुळात पावसाच्या पाण्यासाठी आणि व्हेंटसाठी (हवा जायच्या पाइपासाठी) असतो, ११० एमएमला त्याची भिंत कमीतकमी २.२ एमएम आणि बी ची ३.२, दुकानदार स्वस्त म्हणून ए गळ्यात मारतो, तेव्हा पाइपवरचं छापलेलं वाचा, आयएस १३५९२ हा मानकाचा नंबर आणि टाइप दोन्ही. कोब्याखाली गाडायचं असेल तिथे पेस्टवाले जोड, उभ्या लाइनला रबरी रिंगवाले, कारण उन्हाने पाइप लांबतो-आखडतो त्याला रिंगेत जागा मिळते.

"गरम पाणी आहे ना, मग सीपीव्हीसी टाका" (गरम पाण्यासाठीचा पीव्हीसी) असं पण कोणीतरी सांगतंच. सीपीव्हीसी ९३ डिग्रीपर्यंत चालतो हे खरं, पण टबात आपण चाळीसच्या आसपासचं पाणी घेतो, आणि त्याचे एल्बो प्रेशर लाइनचे असतात, एकदम काटकोनात वळणारे, ड्रेनला पसरट वळणाचे बेंड लागतात. पैसे जास्त आणि तुंबायची सोय. गीझरपासून नळापर्यंत मात्र तोच.

एचडीपीई (जाड पॉलिथिनचा पाइप) चिवट आहे पण त्याला पेस्ट चिकटत नाही, मशीनने तापवून जोडावा लागतो, एका बाथरूमसाठी तो माणूस कोण बोलावणार.

आता खरी गोची पाइपात नसतेच, टबाच्या तोंडाशी असते. टबासोबत येणारा घड्यांचा फ्लेक्सिबल वेस्ट पाइप लगेच फेकून द्या, प्रत्येक घडीत साबणाचा गाळ बसतो. वेस्ट कपलिंग (टबाच्या तळाच्या भोकात बसणारा तुकडा) आणि ओव्हरफ्लो (वरचं जादा पाणी जायचं तोंड) पितळेचा घ्या, प्लास्टिकचा आटा जास्त आवळला की चिरतो आणि वरून काही कळत पण नाही. टबाचं तोंड ४० एमएमचं असतं, पुढे ५० ची लाइन न्या, फुटाला पाव इंच उतार ठेवा. साध्या टबात दीडशे-दोनशे लिटर पाणी असतं आणि बूच काढलं की सगळं एकदम येतं, लाइन बारीक किंवा सपाट असली तर न्हाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या मोरीच्या) जाळीतून वर उसळून फरशीवर तळं.

टबाच्या बाजूला, जोडांसमोर, फूटभर रुंद एक टाइल सिलिकॉनवरच बसवा, सिमेंटने नको, म्हणजे पुढे काढता येईल. आणि सगळ्या टाइल्स लागायच्या आधी टब ओव्हरफ्लोपर्यंत भरून बूच काढा, प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू गुंडाळून बघा, जरा जरी ओला झाला तरी मिस्त्रीचे पैसे त्या दिवशी देऊ नका.