'स्क्वायर' वाचलं: भाला, घोडा आणि आमचे काठीवाले मामा

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारा ते पाच माणसानं करायचं काय सांगा, बाहेर पाऊल टाकलं की तव्यावर पडल्यासारखं होतं, मग कूलरपुढं आडवं व्हायचं आणि हातात येईल ते वाचायचं. टॅमोरा पियर्स ह्या लेखिकेची 'स्क्वायर' ही इंग्रजी कादंबरी मी अशीच तीन दुपारात संपवली. सेकंडहँड मागवलेलं, कोपरे दुमडलेले, आत कुणीतरी पेन्सिलनं रेघा मारलेल्या, पण आतला माल एक नंबर.

आधीच सांगते, हे चारातलं तिसरं पुस्तक आहे. पहिलं 'फर्स्ट टेस्ट' १९९९ चं, मग 'पेज', मग हे २००१ चं, आणि शेवटचं 'लेडी नाइट'. मी शहाणी, थेट तिसरंच घेतलं, चाळीस पानं झाली तरी कोण कुणाचं काय लागतं कळेना, मग गप पहिली दोन फोनवर वाचून काढली आणि परत इकडं आले. तुम्ही असलं करू नका.

गोष्ट टोर्टल नावाच्या काल्पनिक राज्यातली. केलाड्री म्हणजे केल, चौदा वर्षांची, नाइट म्हणजे राजाचा घोडेस्वार योद्धा व्हायचंय तिला. पहिली चार वर्षं पेज म्हणजे पहिल्या पायरीची शिकाऊ म्हणून झालीत, आता पुढची चार कुठल्यातरी नाइटच्या हाताखाली उमेदवारी, त्यालाच स्क्वायर म्हणायचं. आपल्याकडं गॅरेजवर पोरगं उस्तादाच्या हाताखाली राहतं ना, पाने द्यायचे, शिव्या खायच्या आणि बघून बघून शिकायचं, तसंच, फक्त इथं पान्याच्या जागी भाला आणि गाडीच्या जागी घोडा. घोडा पण कसला, पीचब्लॉसम नाव आणि स्वभाव एकदम खडूस, दिसेल त्याला चावतो.

आता केलला वाटत असतं की आपल्याला अलाना घेणार. अलाना म्हणजे मुलगा असल्याचं सोंग करून नाइट झालेली बाई, केलची देवच म्हणा ना. केल मात्र सोंगबिंग न करता, मुलगी म्हणूनच आलीय. पण अलाना तिला घेत नाही, घेते ते केलच्या जिगरी दोस्ताला, नीलला. इथं मला पुस्तक पहिल्यांदा टोचलं. कारण बरोबर आहे, अलानानं घेतलं असतं तर सगळे म्हणाले असते की तिनं जादू करून पोरीला पुढं ढकललं, केलला ते कळतंय पण, तरी दुखतंच ना, आणि परत दोस्ताचं अभिनंदन पण हसून करायचं. हे लेखिकेनं रडारड न करता लिहिलंय.

मग येतो राऊल, आणि केलला आपल्या हाताखाली घेतो. राजाच्या खास फौजेचा प्रमुख, आडदांड माणूस, दरबारातल्या पार्ट्यांचा कंटाळा असलेला. माझ्या मते पुस्तकाचा जीव ह्या दोघांच्या नात्यात आहे, प्रेमात नाही. तो तिला 'बेटी तू करू शकतेस' असलं एक भाषण देत नाही. तो काय करतो, तर समोरून घोड्यावर येतो आणि भाल्यानं तिला खोगिरातनं उडवतो. ती उठते, परत बसते, तो परत उडवतो. मुलगी म्हणून हलक्या हातानं मारत नाही, हाच त्याचा मान देणं.

हे वाचताना मला सारखे आमचे मामा आठवायचे. मामा गड्ड्याला नंदीध्वज धरतात, म्हणजे संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत त्या सात काठ्या निघतात ना, त्यातल्या एकीला. लोकांना दिसते ती पांढरी बाराबंदी आणि मिरवणूक, पण त्याआधी रात्री रात्री सराव चालतो ते कुणी बघत नाही. मामा म्हणायचे काठी हातानं पेलत नसते, पायानं पेलते, पाय सरकला की संपलं. केलचं पण तेच. पहिल्या पुस्तकात कुणीतरी खोडसाळपणा करून तिला शिसं भरलेला जड भाला देतं, आणि कळल्यावर ही बया तोच वापरत राहते, सवय व्हावी म्हणून. त्याचं फळ इथं मिळतं. लहानपणी मी मामाला विचारलेलं, मला का नाही धरू देत काठी, तर सगळे हसलेले. असो.

ग्रिफिनचं, म्हणजे अर्धा गरुड अर्धा सिंह असल्या गोष्टीतल्या प्राण्याचं पिल्लू, हा दुसरा झक्कास भाग. पंखवालं, चोचवालं, गोंडस वगैरे अजिबात नाही, हात फाडून ठेवतं. आणि लफडं असं की पिल्लाला ज्यानं हात लावला त्याला पिल्लाचे आईबाप मारून टाकतात, त्यामुळं दुसऱ्या कुणाला सांभाळायला देता येत नाही, केल एकटीच भरवते आणि ओरबाडून घेते. घरात लहान बाळ असलेल्या बायकांनी हा भाग जरूर वाचावा, हसू येईल आणि राग पण.

क्लिऑन नावाच्या पोराबरोबरचं केलचं प्रेम ठीकठाक. पोरगा चांगलाय, तिला कायतरी फुलंबिलं म्हणत हाका मारतो, पण त्याच्या घरची जमीन अडचणीत, त्यामुळं पैसेवाल्या घरातली बायको करणं भाग. म्हणजे आपल्याकडच्या स्थळांसारखंच की हो! मला आवडलं ते एवढंच की प्रेमासाठी कुणी तलवार टाकत नाही, आणि केलची आई तिच्याशी ह्या विषयावर न लाजता सरळ बोलते. आमच्या घरी असला विषय निघाला की आई उठून शेंगा भाजायला जायची.

एक सीन मात्र सोडू नका. केलच्या कामवालीला, लालसाला, आधीच्या पुस्तकात पळवलेलं असतं, त्याचा निकाल इथं लागतो, आणि ज्यानं पळवायला लावलं तो उमराव नुसता दंड भरून सुटतो, आणि दंड कुणाला, तर लालसाला नाही, मालकिणीला म्हणजे केलला! केल थेट राजाराणीपुढं जाऊन भांडते. तलवारबाजीपेक्षा मला ह्याच सीनला जास्त काटा आला.

नावं ठेवायची तर, चार वर्षं एका पुस्तकात कोंबलीत, त्यामुळं कुठं लढाई, कुठं पूर, कुठं लग्नाची गडबड, नुसती पळापळ. राजाराणीचा राज्यभर दौरा निघतो तो तर संपता संपत नाही, स्पर्धेमागून स्पर्धा, अमुक आला आणि पडला, तमुक आला आणि पडला, तिथं मला दोनदा झोप लागली (कूलरचा दोष पण असेल). नावं खंडीभर. इंग्रजी सोपंय, नववी-दहावीचं पोरगं आरामात वाचेल. शेवटी एका बंद खोलीतली परीक्षा आहे, ती मी सांगणार नाही.

पाचपैकी सव्वाचार. चौथं मागवलंय. आणि हे मामाच्या धाकट्या पोरीला दिलंय, परवा मामाचा फोन, "काय पुस्तक दिलीस गं, पोरगी जेवायला बी उठंना, आणि काठी किती जड असती म्हणून विचारूलालीय."