शाळा बंद, मुलं घरी: ऑनलाइन तास, दीक्षा की आजी?

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं. घरात दुसरीतला मुलगा, आठवीतली मुलगी आणि चार्ज शिल्लक असलेला एकच मोबाइल. शाळा बंद, पण ग्रुपवर अठरा पानांची पीडीएफ हजर: 'प्रिंट काढून सोडवून घ्या.' वीज नव्हती, आणि झेरॉक्सवाल्याच्या दुकानात गुडघाभर पाणी! 1906 मध्ये सयाजीरावांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. विश्वामित्रीला ते कुणी कळवलं नसावं.

तेव्हापासून शाळा बंद झाली की काय करायचं हे मी मुलाच्या इयत्तेवरून ठरवते. कुठलं ॲप चांगलं, हा प्रश्न नंतरचा.

आठवीला शाळेचा ऑनलाइन तास उपयोगी पडतो. रोजच्याच बाई, समीकरण अडलं की तिथल्या तिथे विचारता येतं. दुसरीत मात्र अर्धा तास 'म्यूट करा, बेटा' यातच जातो, आणि मोठं माणूस शेजारी बसावंच लागतं. बसायचंच आहे तर स्क्रीन कशाला?

दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपचं तसं नाही. एनसीईआरटीच्या पुस्तकात छापलेला क्यूआर कोड स्कॅन केला की त्याच धड्याचं साहित्य मिळतं, आणि बरंचसं आधी डाउनलोड करून नेटशिवायही पाहता येतं. पाऊस सुरू व्हायच्या आत हे काम उरकून घ्या. पण व्हिडिओ वही तपासत नाही. लेक 'बघितलं' म्हणाली की मी मोबाइल काढून घेते आणि त्यातलंच एक गणित कोऱ्या पानावर मागते. निम्म्या वेळा गाडी तिथेच अडते. टीव्हीवर डीडी फ्री डिशला पीएम ई-विद्याच्या इयत्तावार वाहिन्या आहेत, गुजराती माध्यमासाठी वंदे गुजरातच्या. डेटा लागत नाही, पण थांबवून परत बघता येत नाही. वीज गेली तर तेही गेलं.

राहिली आजी. ती वीज गेली तरी चालू असते. तिचीही अडचण आहेच: ती वजाबाकीत हातचा खाली देते, शाळा शेजारच्या घरातून उसना घेते, आणि पोरगं मध्येच लोंबकळतं. म्हणून आधी शाळेची वही उघडून तिथलीच रीत धरायची, हे आम्ही ठरवून टाकलंय. आठवीच्या बीजगणिताला ती स्वतःच हात जोडते.

पण दुसरीच्या मुलासाठी मी आजीलाच पहिला नंबर देईन. त्या पुरात तिने त्याला आकडे घातले. 'एकोणपन्नास' म्हणाली, त्याने ऐटीत 59 लिहिलं. इंग्रजी माध्यम, 'एकोण' म्हणजे शेवटी नऊ एवढंच त्याला ठाऊक, आणि पुढे 'पन्नास' ऐकू आलं. आजीने शेंगदाण्यांचे दहा-दहाचे पाच ढीग केले आणि शेवटच्यातला एक दाणा त्याच्या तोंडात टाकला. 'आता मोज.' एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, सगळे दाणे खात खात झाले. मग मी बाजूला बसून पीडीएफमधली तीन पानं निवडली, बाकी पंधरा सोडून दिली. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. या वयाला तेवढं पुरतं.

ट्यूशनचं म्हणाल, तर चार दिवसांच्या बंदसाठी नकोच. बंद लांबली तर आठवीला फक्त गणित-विज्ञानासाठी लावा, तीही चालत जाता येईल इतकी जवळ.

आजीच्या शाळेत एकच प्रश्न अजून सुटलेला नाही. शेंगदाणे शंभरापर्यंत पोचले, तिने एक उचलला आणि म्हणाली, 'नव्व्याण्णव.' पोरगं म्हणालं, 'एकोणशंभर का नाही?'