आरएक्स १००चं ‘रेसिंग काम’: ३२,१०० रुपये गेले, वर इंजिन जाम

लिहायला लाज वाटते, तरी लिहितोय. वडिलांची १९९३ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने ‘रेसिंग काम’ (इंजिनाची ताकद वाढवणं) करतो म्हणून माझे ३२,१०० रुपये घेतले आणि इंजिनाची वाट लावली.

हिशोब मांडतो. हेड कटिंग (सिलिंडरचं झाकण घासून कमी करणं) ३,५००. ‘नवीन रेसिंग पिस्टन’ आणि बोअर (सिलिंडर आतून घासणं) ९,८००. टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) २,२००. सायलेन्सर ८,५००. ‘१०० ऑक्टेन’ पेट्रोल (ऑक्टेन जास्त म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटणारं) २० लिटर, २१० रुपये दराने ४,२००. ऑक्टेन बूस्टरच्या ६ बाटल्या ३,९००. सगळं साध्या कागदावर, ना जीएसटी नंबर ना शिक्का.

मी अडाणी नाही. मेकॅनिकल डिप्लोमा आहे माझा. हेड कापून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढवलं की पेट्रोल जास्त ऑक्टेनचं लागतं, नाहीतर टायमिंग मागे घ्यावं लागतं, हे मला माहीत होतं. म्हणून तर महागडं पेट्रोल घेतलं! हेड कापायचं, टायमिंगही पुढे न्यायचं आणि टाकीत साधं पेट्रोल ओतायचं, असं कुणी मुद्दाम करेल हे डोक्यातच आलं नाही.

कळायला हवं होतं ते तिथंच. टायमिंग लावताना त्याने मोजायचा डायल गेज बाहेरच काढला नाही. टायमिंगची प्लेट डोळ्याच्या अंदाजाने फिरवली, स्क्रू आवळला आणि त्यावर लाल रंगाचा ठिपका दिला. मी विचारलं तर म्हणाला, “साहेब, वीस वर्षं झाली, आपला कानच गेज.” मी मान डोलावली. त्याच वेळी कोपऱ्यात त्याचा पोरगा एका गिऱ्हाइकाच्या टाकीतून नळीने पेट्रोल काढून निळ्या कॅनमध्ये भरत होता. मला वाटलं, पार्ट धुवायला असेल. तासाभराने त्याच निळ्या कॅनमधून माझं ‘१०० ऑक्टेन’ आलं. कॅन तोच होता. मी बघितला होता. तरी पैसे दिले.

ट्रायल त्याने दोनच किलोमीटरची दिली. टायमिंग पुढे नेलं की थंड इंजिन सुरुवातीला झकास ओढतं, आपण खूश. परतताना खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये आधी टकटक (पेट्रोल अवेळी पेटल्याचा आवाज) सुरू झाली, मग इंजिन जाम होऊन मागचं चाकच लॉक झालं. मागून ट्रक येत होता. क्लच दाबला म्हणून वाचलो.

साताऱ्याच्या मेकॅनिक चाचांनी हेड उघडलं. प्लगच्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे चकाकते ठिपके, म्हणजे पिस्टनचाच धातू उडालेला. पिस्टनची कड किडीने खाल्लेल्या ज्वारीसारखी. आणि ‘नवीन’ पिस्टनच्या माथ्यावर जुना कार्बन खरवडल्याच्या रेघा! हेड मात्र पूर्ण १ मिलिमीटर कापलेलं. ५० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरवर तेवढ्याने पेट्रोल पेटायची जवळजवळ २ सीसी जागा जाते. या इंजिनाला ते फार झालं. दुरुस्तीचे ११,४०० वेगळे गेले.

काम करून घेणाऱ्यांनो, जुना पिस्टन परत मागून घ्या. १०० ऑक्टेन हवं तर पंपावर जा. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० पुण्यात २०२०पासून मिळतं, पावतीसकट. कॅनमधलं घेऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी.

चौकीत गेलो तर म्हणाले, दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तर दुकानाचं नोंदणीकृत नाव काय, बिल कुठे? अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! सुट्ट्या पेट्रोलचं पुरवठा विभागाला सांगितलं, त्यांनी लेखी अर्ज द्या म्हटलं. दिला. दोन महिने झाले, साधी पोचसुद्धा नाही. आरटीओतल्या बाबूने तर कहर केला. म्हणे, इंजिनात बदल केलात, आधी तुमचीच गाडी जप्त करावी लागेल. फसवणारा तिकडे दुकान उघडून बसलाय आणि गुन्हेगार मी? कुणी एकाने तरी त्या गॅरेजमध्ये जाऊन निळा कॅन बघायचा होता! तिथून चार पावलांवर चौकी आहे.

पैसे यूपीआयने दिले होते, तेवढं एक बरं झालं. रोख कधीच देऊ नका. स्क्रीनशॉट, तो कागद आणि चाचांचं लेखी म्हणणं जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, फक्त २ वर्षांच्या आत जा. पिस्टन आणि हेड पिशवीत बांधून कपाटात ठेवलंय. पहिली तारीख अजून लागलेली नाही.